गोठलेल्या मातीतली काळपुळी

२०१६च्या जुलैत रशियाच्या उत्तर टोकाशी, यामाल द्वीपकल्पावर, रेनडिअर मरू लागले. आधी थोडे, मग शेकड्यांनी. उत्तर ध्रुववृत्तापलीकडचा हा मुलूख. तिथं उन्हाळा मोजक्या आठवड्यांचा असतो आणि तोही बेताचाच. त्या वर्षी मात्र पारा ३५ अंशांपर्यंत चढला होता. त्यामुळे जनावरं उन्हानं दगावत असावीत, असाच पहिला अंदाज होता. तपासणीत निघाला अँथ्रॅक्स. आपल्याकडे माणसाला झाला तर ज्याला काळपुळी म्हणतात आणि गुराला झाला तर फाशी, तोच हा रोग. यामालमध्ये १९४१ नंतर त्याची साथ आली नव्हती.

पाहता पाहता दोन हजारांहून अधिक रेनडिअर मेले. ३६ माणसांना लागण झाल्याचं निश्चित झालं. त्यांतला बारा वर्षांचा एक मुलगा वाचला नाही. साथीच्या परिसरातल्या कुटुंबांना तिथून हलवावं लागलं. जैविक शस्त्रांपासून बचावाचं प्रशिक्षण घेतलेले सैनिक संरक्षक पोशाख घालून टुंड्रात उतरले आणि जनावरांची कलेवरं जिथल्या तिथं जाळू लागले.

हा आघात कुणावर झाला, ते नीट समजून घ्यायला हवं. यामालचे नेनेत्स लोक पिढ्यानपिढ्या रेनडिअरच्या मागं चालत आले आहेत. हिवाळ्यात दक्षिणेकडे, उन्हाळ्यात उत्तरेकडे, शेकडो किलोमीटरची वाट. खांब उभारून त्यांवर रेनडिअरची कातडी ताणली की त्यांचं घर तयार होतं. अन्न, कपडे, वाहन, सगळं या एकाच जनावराकडून मिळतं. जिथं भाजीपाला पिकतच नाही, तिथं ताजं कच्चं मांस आणि ऊन रक्त हा जीवनसत्त्वांचा मोठा आधार आहे. पण नेमकी हीच वाट अँथ्रॅक्सला सर्वांत सोयीची. कातडीला झालेली काळपुळी वेळेवर प्रतिजैविकं मिळाली तर बहुधा बरी होते. दूषित मांसातून रोग आतड्यात उतरला तर तो फार वेगानं माणसाला संपवतो, आणि टुंड्रातून रुग्णालय गाठायचं म्हणजे हेलिकॉप्टरची वाट पाहणं आलं.

पंचाहत्तर वर्षं हा जीवाणू होता कुठं?

याचं उत्तर त्याच्या बीजाणूत आहे. बॅसिलस अँथ्रॅसिस हा जीवाणू जनावराच्या रक्तात झपाट्यानं वाढतो. जनावर मेलं, रक्त बाहेर पडलं आणि त्याला हवा लागली, की तो स्वतःभोवती टणक कवचं चढवून बीजाणूचं रूप घेतो. आत पाणी जवळपास उरत नाही आणि जीवनक्रिया थांबल्यासारख्या होतात. ऊन, कोरड, थंडी, कित्येक जंतुनाशकं यांना तो दाद देत नाही. पुन्हा एखाद्या जनावराच्या शरीरात शिरला की कवच उघडतं आणि वाढ सुरू होते. बीजाणूपासून जीवाणू आणि जीवाणूपासून बीजाणू, हे चक्र १८७६मध्ये रॉबर्ट कॉख यांनी उलगडलं. तेव्हा ते प्रशियातल्या एका लहानशा गावात सरकारी डॉक्टर होते. एका विशिष्ट रोगामागं एक विशिष्ट जीवाणू असतो, हे इतक्या स्पष्टपणे प्रथम सिद्ध झालं ते याच रोगाबाबत.

बीजाणू किती चिवट असतात याचा दाखला स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ आहे. १९४२मध्ये ब्रिटिशांनी ग्रुइनार्ड या छोट्या बेटावर अँथ्रॅक्सच्या बॉम्बची चाचणी घेतली. चाचणीसाठी नेलेल्या मेंढ्या मेल्या आणि बेटाची माती दूषित झाली. १९८६मध्ये समुद्राच्या पाण्यात फॉर्माल्डिहाइड मिसळून सारं बेट भिजवावं लागलं. ते सुरक्षित असल्याचं जाहीर झालं १९९०मध्ये. आणि हे गोठलेल्या जमिनीत घडलं नव्हतं. साध्या, पावसाळी, वाऱ्यावादळाच्या बेटावर बीजाणू एवढे टिकले.

रशियन लोक या रोगाला ‘सायबेरियाचा व्रण’ म्हणतात. हे नाव रुळलं ते अठराव्या शतकात, स्तेपान आंद्रेयेव्स्की या डॉक्टरमुळे. १७८८मध्ये उरल पर्वताजवळच्या चेल्याबिन्स्क इथं त्यांनी या रोगाची लागण मुद्दाम स्वतःला करून घेतली, रोजच्या रोज लक्षणं नोंदवली आणि गुरांचा व माणसांचा रोग एकच असल्याचं दाखवून दिलं. ते बरे झाले हे नशीबच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात रशियाच्या उत्तर भागात या रोगानं १० लाखांहून अधिक रेनडिअर मारले. मेलेल्या जनावरांचं काय करायचं? लाकूड दुर्मीळ, म्हणून जाळणं अवघड. जमीन दगडासारखी गोठलेली, म्हणून खोल पुरणंही अवघड. कलेवरं उथळ खड्ड्यांत गेली, किंवा जिथं पडली तिथंच राहिली. कळप पुढं निघून गेले.

पुरलेलं वर कसं येतं, हा प्रश्न लुई पाश्चर यांनाही पडला होता. फ्रान्सच्या बोस भागातल्या मेंढपाळांना काही कुरणं शापित वाटत. तिथं चरायला गेलेली मेंढरं वर्षानुवर्षं मरत. त्या जागी पूर्वी मेलेली जनावरं पुरलेली असतात, हे पाश्चर यांनी हेरलं आणि १८८०च्या सुमारास सांगितलं की गांडुळं मातीबरोबर बीजाणूही पृष्ठभागावर आणतात. पुढच्याच वर्षी पुईये-ल-फोर या गावी त्यांनी लोकांसमोर मेंढ्यांवर लशीचा प्रयोग केला. लस टोचलेल्या मेंढ्या जगल्या, न टोचलेल्या मेल्या. पुरलेला रोग वर येतो आणि लस त्याला अडवते, या दोन्ही गोष्टी तेव्हापासून आपल्याला माहीत आहेत. यामालची हकिगत वाचताना हे सारखं आठवत राहतं.

सायबेरियात गांडुळांचं काम ऋतू करतात. वर्षानुवर्षं शून्याखाली राहणाऱ्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. निदान सलग दोन वर्षं गोठलेली असली की ती या व्याख्येत बसते, पण सायबेरियातली बरीचशी जमीन हिमयुगापासून तशीच आहे. याकुत्स्क शहरात १८२८च्या सुमारास फ्योदर शेर्गिन नावाच्या व्यापारी कंपनीच्या माणसानं पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. सुमारे दहा वर्षं खणून ११६ मीटरवर पोचले, तरी पाणी लागेना; जमीन तिथंही गोठलेलीच. ती कोरडी विहीर पुढं शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडली, कारण एवढ्या खोलवरचं तापमान मोजायची सोय त्यापूर्वी कुठं नव्हती. आपल्याकडे गावोगाव धान्याची पेवं असत. जमिनीखालच्या त्या बंद खड्ड्यात हवा खेळत नसे, उजेड पोचत नसे, म्हणून ज्वारी वर्षानुवर्षं टिके. पर्माफ्रॉस्टमध्ये अंधार आणि प्राणवायूचा अभाव यांच्या जोडीला थंडीही असते, त्यामुळे तिथं मॅमथचं मांस, केस, कातडीसुद्धा हजारो वर्षं टिकून राहतात.

या गोठलेल्या जमिनीवर मातीचा एक पातळ थर असतो. तो दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. कुठं हातभर, कुठं पुरुषभर. टुंड्रातलं सगळं गवत, शेवाळ, झुडपं याच थरात जगतात, आणि उथळ पुरलेली जनावरंही याच थरात किंवा त्याच्या जरा खाली असतात. गोठण्या-वितळण्याच्या दर फेऱ्यात माती ढवळली जाते, दगड आणि हाडं हळूहळू वर ढकलली जातात. उन्हाळा कडक झाला की वितळण्याची खोली वाढते आणि आजवर कधीच न हललेली माती या ढवळण्यात सापडते. १९७९पासून आर्क्टिक प्रदेश बाकीच्या जगाच्या जवळपास चौपट वेगानं तापतो आहे. २० जून २०२० रोजी सायबेरियाच्या याकुतिया भागातल्या वेर्खोयान्स्कला ३८ अंश तापमान नोंदलं गेलं. हिवाळ्यातल्या भीषण थंडीसाठी जगप्रसिद्ध असलेलं हे गाव आहे.

म्हणजे यामालच्या साथीला तापलेली पृथ्वी जबाबदार, असं म्हणून मोकळं व्हावं का? मला ते पटत नाही. आणखी एक तारीख सांगितल्याशिवाय ही हकिगत पुरी होत नाही. यामालमध्ये रेनडिअरना अँथ्रॅक्सची लस टोचली जात असे. अर्धशतकाहून अधिक काळ रोग दिसला नाही, म्हणून २००७मध्ये ते लसीकरण बंद झालं. नऊ वर्षांत जुनी, लस घेतलेली जनावरं गेली आणि संरक्षण नसलेला नवा कळप तयार झाला. यामालच्या परिसरात सुमारे ७ लाख रेनडिअर, म्हणजे जगातला सर्वांत मोठा पाळीव कळप. कुरणं अपुरी पडावीत इतकी दाटी. उन्हानं जनावरं थकलेली, गवत कमी म्हणून मुळापर्यंत चरणारी, चावणाऱ्या माश्यांचे थवेच्या थवे. वितळलेल्या मातीतून मूठभर बीजाणू वर आले असतील, पण साथ पसरली ती या सगळ्यामुळे. साथीचा पुढं अभ्यास करणाऱ्या काही संशोधकांनी तर लसीकरण थांबणं हेच मुख्य कारण मानलं आहे. इशारा मिळाला नव्हता असंही नाही. बोरिस रेविच आणि मारिना पोदोल्नाया या रशियन संशोधकांनी २०११मध्येच लिहून ठेवलं होतं की गोठलेली जमीन वितळली तर सायबेरियातल्या गुरांच्या जुन्या दफनभूमी उघड्या पडतील.

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घेणाऱ्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल. गेल्या साली गोठ्यात रोग आला नाही, तो लशीमुळेच.

अँथ्रॅक्सनंतर साहजिकच पुढचा प्रश्न येतो, की माणसांच्या मोठ्या साथींचे विषाणू त्या मातीत जिवंत असतील का? याचा तपास करायला एक माणूस यामालच्या घटनेच्या कितीतरी आधी फावडं घेऊन अलास्काला गेला होता.

ब्रेव्हिग मिशन ही अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरची इन्युपिआत लोकांची वस्ती. नोव्हेंबर १९१८मध्ये फ्लूची जागतिक साथ तिथं पोचली आणि पाच दिवसांत वस्तीतल्या ८० प्रौढांपैकी ७२ जण मरण पावले. त्यांना गोठलेल्या जमिनीत एकाच मोठ्या खड्ड्यात पुरण्यात आलं. हीच साथ त्या वर्षी मुंबई बंदरातून हिंदुस्थानात शिरली होती आणि महाराष्ट्रात तिला मानमोडी म्हणत; एकट्या हिंदुस्थानात तिनं किमान सव्वा कोट माणसं मारली असा अंदाज आहे. इतक्या माणसांना मारणारा विषाणू नेमका कसा होता, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण विषाणू वेगळा काढण्याचं तंत्र १९१८मध्ये नव्हतंच.

१९५१मध्ये योहान हुल्टिन हा स्वीडनहून अमेरिकेत शिकायला आलेला पंचविशीतला विद्यार्थी वस्तीच्या परवानगीनं तिथं खणायला गेला. शेकोट्या पेटवून जमीन मऊ करायची, थोडं खणायचं, पुन्हा शेकोटी. फुफ्फुसांचे नमुने मिळाले, पण प्रयोगशाळेत विषाणू काही वाढेना. तो मेलेला होता. १९९७मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, हुल्टिन स्वतःच्या खर्चानं पुन्हा तिथं गेले. या वेळी त्यांना एका स्थूल स्त्रीचा देह मिळाला. चरबीच्या थरामुळे तिची फुफ्फुसं बरीच शाबूत राहिली होती. ते नमुने वॉशिंग्टनला जेफ्री टॉबेनबर्गर यांच्याकडे गेले, आणि त्यांतल्या जनुकीय तुकड्यांवरून १९१८च्या विषाणूचा पूर्ण आराखडा २००५पर्यंत जुळवण्यात आला. परत निघण्यापूर्वी हुल्टिन यांनी थडग्यावरचे मोडलेले क्रूस नवे करून बसवले. वस्तीकडे रीतसर परवानगी मागणारा आणि मृतांची जागा नीट करून निघणारा हा माणूस मला विज्ञानाच्या इतिहासात फार मोठा वाटतो.

त्याच आराखड्यावरून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात तो विषाणू पुन्हा घडवण्यात आला. म्हणजे १९१८चा फ्लू पुन्हा जिवंत झाला तो माणसाच्या हातून, कडेकोट प्रयोगशाळेत. बर्फातून तो जिवंत आला नव्हता. १९९८मध्ये कॅनडाच्या कर्स्टी डंकन यांच्या पथकानं आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयिअरब्येनला १९१८मध्ये फ्लूनं गेलेल्या खाणकामगारांची थडगी उघडली. ती दर उन्हाळ्यात वितळणाऱ्या थरातच निघाली. जिवंत विषाणूचा तिथंही पत्ता नव्हता.

देवीचं तसंच. देवीचा विषाणू फ्लूपेक्षा काटक, म्हणून त्याची धास्ती अधिक. याकुतियातल्या सुमारे तीनशे वर्षं जुन्या गोठलेल्या थडग्यातल्या देहांत देवीचे जनुकीय तुकडे सापडल्याचं फ्रेंच आणि रशियन शास्त्रज्ञांनी २०१२मध्ये जाहीर केलं. तुकडेच; लागण करू शकेल असा अखंड विषाणू नाही. तरी एक गोष्ट विसरता येत नाही. १९८०मध्ये देवीचं उच्चाटन जाहीर झालं आणि लस टोचणं थांबलं. त्यानंतर जन्मलेल्या जवळपास कुणाच्याच दंडावर देवीच्या लशीचा व्रण नाही.

वर्तमानपत्रांत ‘झोंबी विषाणू’ म्हणून गाजलं ते काम फ्रान्समधल्या मार्सेचे शास्त्रज्ञ जाँ-मिशेल क्लावेरी आणि शाँताल आबर्जेल यांचं. ईशान्य सायबेरियातल्या ३० हजार वर्षं जुन्या मातीतून त्यांनी २०१४मध्ये पिथोव्हायरस हा महाकाय विषाणू जिवंत मिळवला. लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दीडपट, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसेल एवढी. २०२३मध्ये त्यांच्या पथकानं आणखी तेरा विषाणूंचा अहवाल दिला. त्यांतला सर्वांत जुना, याकुतियातल्या एका तळ्याखालचा, साडेअठ्ठेचाळीस हजार वर्षांचा. मथळ्यांतून निसटलेली गोष्ट अशी, की हे सगळे विषाणू अमीबालाच लागण करतात. शास्त्रज्ञांनी अमीबा मुद्दाम गळासारखा वापरला. माणसाला लागणारं काही चुकूनही वाढू नये, हा त्यामागचा विचार. माणसाला लागणारा एखादा प्राचीन विषाणू त्या मातीत असूही शकेल. क्लावेरी ही शक्यता नाकारत नाहीत. सायबेरियात याना नदीच्या काठी ३० हजार वर्षांपूर्वीही माणसं राहत होती. पण तो हजारो वर्षं अखंड राहिला पाहिजे, वर आल्यावर ऊन आणि प्राणवायू यांतून तगला पाहिजे आणि त्याच घडीला योग्य माणूस जवळ असला पाहिजे. बीजाणूंना यातलं काहीच जड जात नाही. म्हणून अनोळखी विषाणूच्या भीतीपेक्षा ओळखीच्या अँथ्रॅक्सवर नजर ठेवणं मला फार तातडीचं वाटतं.

आणखी एका शोधाची नोंद करायला हवी. कॅनडाच्या युकॉनमधल्या ३० हजार वर्षं जुन्या गोठलेल्या मातीत पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांना, टेट्रासायक्लिनला आणि व्हँकोमायसिनलाही दाद न देणारी जनुकं आढळल्याचं २०११मध्ये प्रसिद्ध झालं. पेनिसिलिनचा शोध १९२८चा. औषधं वापरून आपण ही प्रतिकारशक्ती वाढवली हे खरंच आहे, पण तिचं बीज जीवाणूंच्या आपापसातल्या जुन्या लढाईत कधीचंच पडलेलं होतं.

जमीन वितळते, पण तिच्यावर माणूस नसेल तर बरंचसं तिथंच विरून जाईल. मात्र तिथं माणूस वाढतो आहे. यामालवर बोवानेन्कोवोच्या वायुक्षेत्रातून २०१२पासून नैसर्गिक वायू निघतो. सबेत्ता बंदरातून २०१७पासून द्रवरूप वायूची जहाजं जातात. रस्ते, रेल्वे, वाहिन्या, खाणी, सगळ्यांसाठी माती उकरावी लागते, आणि ती उकरणारे कामगार दूरच्या शहरांतून विमानानं येतात-जातात. क्लावेरी यांचाही खरा घोर हाच आहे. खाण उघडताना पर्माफ्रॉस्टचे वरचे थर लाखो टनांनी बाजूला काढले जातात; ऊन तेवढ्या खोलवर पोचायला कितीतरी काळ लागला असता. शिवाय कुरणं आक्रसतात, कळपांची दाटी वाढते आणि एक जनावर आजारी पडलं की पुढची शंभर जवळच उभी असतात.

२०१६नंतर यामालमध्ये रेनडिअरचं लसीकरण पुन्हा सुरू झालं आणि लाखो जनावरांना लस टोचण्यात आली. कळप कमी करण्याचा आग्रहही सरकारनं धरला, आणि नेनेत्स कुटुंबांना तो जाचतो हे समजण्यासारखं आहे, कारण कळप हाच त्यांचा जमीनजुमला आणि तोच संसार. त्यांचे वडीलधारे लोक ज्या जागा टाळून कळप नेत, त्या जागांची नोंद नकाशावर व्हायला हवी. जुन्या साथींची ठिकाणं दुसऱ्या कुणाला एवढी ठाऊक असणार नाहीत. वायूच्या नव्या वाहिनीसाठी खणण्याआधी त्या मातीची तपासणी व्हायला हवी, आणि तिचा खर्च वायू काढणाऱ्यांनी उचलायला हवा. कळपांमागून फिरणारे पशुवैद्य हवेत. लशीचा असर साधारण वर्षभरच टिकतो आणि दर वसंतात हजारो नवी पाडसं जन्मतात, त्यामुळे हे काम एका मोहिमेत संपत नाही. रोग दिसो वा न दिसो, ते दर वर्षी करावं लागतं.